साठ फुटांची विहीर

कळमनुरीच्या बसस्टँडवर फातिमाबींच्या शेजारी एक बाई कॉलेजात शिकणाऱ्या लेकीची बॅग मांडीवर घट्ट धरून बसली होती.

“आये, सोड बॅग. नांदेडची गाडी येऊन राहिली.”

“समुद्रात बुडाया जायचंय का, गुंजन?”

“रामेश्वरजवळचा, श्रीलंकेच्या अलीकडचा समुद्र तीसेक फूटच खोल हाय. आपली विहीर साठ फूट. तिच्यात पवलेच ना मी?”

“समुद्र कुठं विहिरीहून उथळ असतो?”

“तिथं हाय. तळाला वाळू न् पोवळ्याचा दगड. मोठी जहाजं वळसा घालून जातात. वीस हजार वर्षांमागं तर तिथं कोरडी जमीन होती, पायी जाण्यासारखी.”

“मंग तवाच जायचं होतं, चपला घालून.”

“आमी कॉलेजची पोरं तळात नळी घालून गाळ काढणार. जमीन कुठवर होती, समुद्र कवा आला, सारं थरात कळतं.”

“गाळात?”

“व्हय. आज्यानं नाही का थर पाहूनच विहिरीचं पाणी सांगितलं?”

फातिमाबींची हिंगोलीची गाडी हलली, पण ऐकण्याच्या नादात त्या जागच्या उठल्या नाहीत.

नांदेडची गाडी लागली, तशी बाईच बॅग घेऊन तरातरा पुढं निघाली.

“ओ कंडक्टर, हिला खिडकी द्या. विहिरीचं पाणी सांगणाऱ्या मामंजींची नात हाय, समुद्राचा तळ तपासाया चालली.”