पोटच्या पोरालासुद्धा न्हाय

दिघीच्या जेटीवर बोटीची वाट बघत रांग उभी होती. सुलभाच्या पुढच्या म्हातारीनं फोन स्पीकरवर टाकलेला, त्यामुळे ऐकण्यावाचून कुणाची सुटका नव्हती.

"आजी, मी प्रांजली. सायबर कॅफेत आहे. तुझ्या फोनवर ओटीपी आलाय, तो सांग."

"आलाय. पन सांगनार न्हाय."

"अगं, स्कॉलरशिपचा फॉर्म आहे! आज शेवटची तारीख. राहिला तर नर्सिंगची फी कुठून भरू?"

"मंग तुज्या फोनवर मागव."

"माझ्या आधारला नंबर तुझाच जोडलाय ना!"

"बँकेतल्या सायबानं बजावलंय, पोटच्या पोरालासुद्धा सांगायचा न्हाय. तुज्या बापाला तरी कदी सांगितला का?"

"पण मी कुठे पोटची? मी नात!"

म्हातारीनं फोनकडे नीट निरखून बघितलं.

"व्हय की गं. नातीचं काय बोलला न्हाय तो."

"मग सांग पटकन! नाहीतर परत मागवावा लागेल."

"थांब बाय, हितं मानसं हायत." म्हातारी रांगेकडे वळली. "कान झाका सगल्यांनी. तिकीटवाले भाऊ, तुमी पन!"

सुलभानं पिशवी खाली ठेवली आणि कानात बोटं घातली. तिकीटवाल्यानं सुट्टे पैसे खिशात टाकून कान दाबले. सुलभाला आता म्हातारीचे नुसते ओठ हलताना दिसत होते, एकेक आकडा चावून चावून. मग ते थांबले. म्हातारी फोनला कान देऊन उभी राहिली. आणि एकदम सगळा चेहरा हसला.

म्हातारीनं सुलभाचं बोट स्वतःच कानातून ओढून काढलं.

"गेला फॉर्म! आता नर्स झाली की पयली सुई तुमालाच."