आजीच्या शेजारची जागा

...नाही, पण मला एक सांगा, साठ वर्षं एकच अक्षर चुकीचं म्हणत आलेल्या बाईला मी एका आठवड्यात सुधारू कसा? मी काय जादूगार आहे का हो?

तुम्हाला सांगतो, इस्त्रीच्या दुकानावरची खोली, खालून वाफ, वरून कुरकुरणारा पंखा, आणि मधे मी, कुराण शरीफ शुद्ध कसं म्हणायचं ते शिकवतोय... अकरा वर्षं! आणि वर्ग एक नाही, तीन वर्ग, एकाच चटईवर! या टोकाला आजी, वय बहात्तर, आत्ता कुठं अक्षरओळखीला बसलीय. मधे टेलर मास्तर, अडखळत वाचणारे. त्या टोकाला दहा वर्षांची पोरगी, निम्मं कुराण तोंडपाठ, पण एकदा सुटली की तिच्या वाटचा श्वास मलाच घ्यावा लागतो! "अगं हळू, थांबायची खूण आहे तिथं!" तर म्हणते, "थांबले होते की उस्ताद, तुमचंच लक्ष नव्हतं." आता बोला! पुन्हा एकदा!

मास्तरांची तऱ्हा निराळी. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून बोलले, तोंड उघडतच नाही! "मास्तर, जबडा उघडा." "उं... उघडलाय की." कुठं उघडलाय? टाचणी पडेल अशी भीती वाटते त्यांना अजून! पुन्हा एकदा!

आणि आजी... अहो, ते अक्षर यायला हवं घशाच्या तळातून, ती काढते जिभेच्या शेंड्यावरून. "आजी, इथून, घशातून." "माझ्या आईनं असंच शिकवलंय. तू माझ्या आईपेक्षा मोठा का रे?" पुन्हा एकदा!

हे असं कसंबसं रेटत होतो, तर निरोप आला... माझे उस्ताद येतायत, शुक्रवारी, वर्ग ऐकायला. भिंतीवर माझी सनद आहे, शिकवायच्या परवानगीची. कोण कोणाकडून ऐकून शिकलं, त्यांची नावं वरून खालपर्यंत, शेकडो वर्षांची, आणि सगळ्यांत शेवटी माझं. देतानाच म्हणाले होते, "वर्ग कच्चा निघाला तर काढून नेईन." म्हणजे इतक्या पिढ्या न चुकता आलेलं माझ्यापाशी येऊन अडणार? माझ्यापाशी? आठवडाभर घास उतरला नाही हो. बायको विचारतेय, "वाढू का?" मी म्हणतोय, "पुन्हा एकदा!" तिनं तीनदा विचारलं आणि ताट उचललं.

शुक्रवारी उस्ताद आले. वय ऐंशीच्या पुढं, आवाज एवढासा, कान मात्र शाबूत. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "वर्गाचं नंतर. आधी तू म्हण."

मी? अहो, अकरा वर्षांत मला कुणी म्हणायला सांगितलंच नव्हतं! मी नुसता ऐकत होतो, आणि ऐकत काय होतो, तर चुका! सुरुवात केली... पहिल्याच ओळीला ओठ मास्तरांसारखे चिकटले. दुसरीला पोरीसारखा सुटलो, थांबायची खूण राहिली मागं. आणि ते अक्षर... घशातून यायचं ते... आलं ना जिभेच्या शेंड्यावरून! आणि मागून आवाज, "पुन्हा एकदा!"

आजी! बोलून गप्प बसली नाही, म्हणून दाखवलं. घशाच्या तळातून, स्वच्छ, साठ वर्षांत पहिल्यांदा! मला रडूच फुटलं. आनंदानं की लाजेनं ते विचारू नका.

उस्तादांनी सनदीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "राहू दे भिंतीवर. शिकवलंयस नीट." मी हुश्श करतोय तोच, "उद्यापासून मात्र वर्ग सुटला की आजीच्या शेजारी बसायचं. रोज तिला म्हणून दाखवायचं. ती हो म्हणेल तेव्हा उठायचं."

बसतो बापडा. ती डोळे मिटून ऐकते, हातातली काठीसुद्धा हलत नाही. काल नऊ वेळा म्हणायला लावलं, नऊ! मी काकुळतीला आलो, "आजी, आता तरी बरोबर आलं की!"

तर म्हणते, "तुझं तुला बरोबरच वाटणार रे. मला नव्हतं का वाटत, साठ वर्षं? चल... पुन्हा एकदा!"