बंदूक माझ्या नावावर

...नाही, हसा तुम्ही, हसायला काय जातंय, तुम्हाला कुठं दर पंधरवड्याला मांडीवर बंदूक घेऊन जकातनाक्याच्या बाकावर बसायचंय! आणि बंदूक कुणाच्या नावावर? माझ्या. तुम्हाला सांगते, मांजरानं फडताळातली वाटी पाडली तरी मी देवघरात पळते, आमच्या यांनी मागून येऊन नुसतं 'अगं' म्हटलं की माझ्या हातातलं पातेलं खाली, घरात पोचा न आलेलं एक भांडं दाखवा, म्हणाल ते हरीन... अशा मला भोर संस्थानच्या सरकारनं, चांगला लाखेचा शिक्का मारून, बंदुकीचा परवाना दिलाय.

मुळात सगळं सुरू झालं दातांवरून. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या दातांवरून. कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दात दुखायला लागले. पुण्याचा दातांचा डॉक्टर एका वेळी एकच दात काढतो, मग पंधरा दिवसांनी दुसरा. आणि माणशी भाडं घेऊन पुण्याला जाणाऱ्या सर्विसच्या मोटारीनं जावं, तर मामंजींचं म्हणणं, धक्के बसून काढायचा तो राहतो आणि भलताच हलायला लागतो. म्हणून मोटार घेतली, जुनीच, वर कापडी टप, चालवायला नूरुद्दीन. इथपर्यंत माझी काही तक्रार होती का? नव्हती. पण मोटार दारात उभी राहिली न राहिली तोच कुणीतरी मामंजींच्या कानाला लागलं, की कात्रजच्या घाटात कुणा सावकाराची मोटार अडवली म्हणे आणि दहाही बोटांतल्या अंगठ्या काढून घेतल्या. दहा बोटांत अंगठ्या? जेवत कसा होता तो? पण विचारणार कोण! मामंजींनी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, आजपासून गाडी बंदुकीशिवाय दाराबाहेर पडणार नाही.

आता बंदूक आणायची तर परवाना हवा. मामंजींच्या नावावर एक बंदूक आधीच होती, ती आंबवड्याच्या मळ्यावर रानडुकरांसाठी, आणि नियम असा की एका माणसाला एकच. मग म्हणाले, चिरंजीवांच्या नावानं घेऊ. आमचे हे कचेरीत जाऊन उभे राहिले. साहेबांनी यांच्या चष्म्याकडे बघितलं आणि विचारलं, त्या समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले? हे म्हणाले, कुठल्या भिंतीवर?

झालं. राहिलं कोण?

साहेब मामंजींना म्हणाले म्हणे, सूनबाईंना बंदूक हाताळता येईल ना? मामंजी म्हणाले, का नाही येणार, कॉलेजात शिकलीय ती! जसं काही आम्ही वर्गात बसून शेक्सपीअर वाचत नव्हतो, काडतुसं भरत होतो. आणि परवान्यात अट काय, तर परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याच्याजवळ. म्हणजे बघा हं आता, मामंजींच्या नियमानं गाडी बंदुकीशिवाय नाही, सरकारच्या नियमानं बंदूक माझ्याशिवाय नाही, आणि दात दुखतोय मामंजींचा!

पहिल्या खेपेला मागच्या बैठकीवर एका कडेला मामंजी, एका कडेला मी आणि मध्ये ती आडवी. पेटीत घालावी तर पेटी बैठकीखाली मावत नाही. तेव्हा तशीच, चादरीत गुंडाळून, नळी पुढे. एक ओढा गेला, दुसरा गेला, आणि नूरुद्दीन मागे न बघता अगदी मऊ आवाजात म्हणाला, "रावसाहेब, नळी वाईच खिडकीकडं करा. मानंला गार लागतंय."

भरलेली नव्हती हो ती! तेच तर सांगतेय. काडतुसांचा डबा मामंजींनी घरी ट्रंकेत कुलूप लावून ठेवला होता, कारण खड्ड्यातून जाताना आपोआप उडाली तर? म्हटलं, मामंजी, मग दरोडेखोर आल्यावर काय करायचं? म्हणाले, त्यांना काय माहीत ती रिकामी आहे? तू फक्त बोलू नकोस. मी कसली बोलतेय, माझी दातखीळ बसली होती. रिकामी आहे हे डोक्याला कळतं, पण पोटाला कोण सांगणार?

आणि खरी गंमत तर पुढेच. कापूरहोळला आलो. तिथं संस्थानची हद्द संपते, तिथं नाका, आणि नाक्यावर सावळाराम जमादार. मिशा अशा, की त्या बघूनच मी अर्धी झाले. त्यानं चादरीकडं बघितलं, परवाना उलटासुलटा वाचला आणि म्हणाला, हितनं म्होरं इंग्रजाचा मुलूख, संस्थानचा परवाना तिथं चालत न्हाई. मामंजी म्हणाले, मग तुझ्याकडं ठेव, येताना नेऊ. तो म्हणतो, ह्येच्यावर जकात हाय का? न्हाई. मग म्या ठिवून घिऊ कशाखाली? ज्येचा परवाना त्येनं राखावी.

आणि सगळे माझ्याकडे वळले.

मला सांगा, कात्रजचा घाट कुठं आहे? नाक्याच्या पलीकडे. दरोडेखोर कुठं? पलीकडे. आणि बंदूक? अलीकडे, माझ्या मांडीवर, नाक्याच्या बाकावर! मामंजी गाडीत बसता बसता म्हणाले, आपल्या हद्दीत आपण बंदोबस्त केला, पुढचं इंग्रज बघेल. गेले की हो. धुरळा खाली बसला आणि मी, ती, आणि त्या मिशा.

पहिल्या दिवशी तर मी हललेसुद्धा नाही. बैलगाडीचा खिळा कर्रकन वाजला की मी उडायची, मी उडाले की बंदूक उडायची, बंदूक उडाली की सावळाराम दाराआड जायचा. दुसऱ्या खेपेला त्याची बायको रतनबाई चहा घेऊन आली आणि लांबूनच कप सरकवला. तिसऱ्या खेपेला मी पदराखालून एक पुस्तक नेलं.

आता हे ऐका, कारण खरं दुखणं इथंच आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लग्नाची तारीख आणि परीक्षा एकाच आठवड्यात आली, परीक्षा राहिली. मामंजींनी माझ्या वडिलांना शब्द दिला होता, पुढच्या साली बसवू. ते पुढचं साल हेच. यंदा नाही बसले तर पुन्हा कॉलेजात नाव घालून वर्ष काढा, आणि लग्न झालेल्या मुलीला भोरहून कोण पाठवतंय? बरं, घरात अभ्यास करीन म्हटलं, तर पुस्तक उघडायचा अवकाश... सूनबाई, माझा चष्मा कुठाय, अगं, माझं बटण तुटलं, वहिनी, दळण आणायचंय. पण नाक्यावर? तुम्हाला सांगते, चार-चार तास चिटपाखरू काही मागत नाही. मांडीवर बंदूक असलेल्या बाईला कोण म्हणणार, जरा मेथी निवडून दे? उलट सावळाराम गाडीवानांना दटावायचा, घुंगरं धरा रं, वहिनीसाब अभ्यास करत्यात, आन् बंदूक हाय त्यांच्यापाशी. मामंजींचा एकेक दात पडत गेला आणि माझा एकेक विषय होत गेला. इंग्लंडचा इतिहास दोन दाढांत आटोपला.

आणि मग परीक्षेचा दिवस जवळ आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुण्याला जायचं गाडीनं. गाडी बंदुकीशिवाय नाही. बंदूक माझ्याशिवाय नाही. आणि बंदूक नाक्यापलीकडे नाही... म्हणजे मीच नाही! साऱ्या दुनियेला पुण्याला नेणारी गाडी माझ्या दारात उभी आणि तिनं न जाऊ शकणारी एकटी मी! यांना सांगितलं, हे चष्मा पुसायला लागले. मामंजींना भीत भीत म्हटलं, मी सर्विसच्या मोटारीनं जाते. ते म्हणाले, दारात गाडी असताना आपल्या घरची सून कोंबड्यांच्या पाट्यांत बसून जाणार? मी येतो बरोबर, मी बसेन नाक्यावर, त्यात काय आहे.

काय आहे ते सावळारामनं सांगितलं. सकाळी नाक्यावर उतरलो, मामंजी ऐटीत म्हणाले, आज बंदुकीपाशी मी बसणार. सावळाराम अगदी अदबीनं म्हणाला, "बसा की, रावसाहेब. निस्तं बसा. बंदूक वहिनीसाबांच्या हातातनं तुमच्या हातात गेली, की म्या तुमास्नी धरणार."

मामंजी म्हणाले, मला? तो म्हणाला, व्हय जी. मामंजींनी कायदा काढला, त्यानं हुकूम काढला, मामंजींनी आपली तीस वर्षांची नोकरी काढली, त्यानं आपली बावीस वर्षांची काढली. पेपर अकराला. ऊन चढतंय, मी बंदूक छातीशी धरून उभी, आणि पलीकडे भोरहून आलेली सर्विसची मोटार नाक्यावर थांबलेली, पुण्याला निघालेली, आणि मी पुण्याला जायचं सोडून तिच्या चाकांकडे बघतेय...

आणि फाट्दिशी आवाज झाला!

त्या मोटारीच्या धुराड्यातून झाला हो, ड्रायव्हर हँडल मारत होता. पण मला काय माहीत? मला वाटलं, सुटली! इतके महिने जिची भीती, ती एकदाची सुटली! मी किंचाळले आणि हातातलं होतं ते समोर भिरकावलं. डोळे उघडून बघते, तर सावळाराम खांबाआड, नूरुद्दीन चाकामागे, आणि मामंजी... मामंजी बाकाखाली, बंदूक पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून. माझे मामंजी, ज्यांच्या खोकल्यानं सगळं घर गप्प होतं ते! आणि मला एकदम कळलं, की बाई गं, हे तर माझ्याहून भित्रे आहेत. मी भ्याले तर भांडं पाडते, मामंजींनी भिऊन बंदूक कवटाळली, एवढाच काय तो फरक.

आणि माझे हात रिकामे होते. किती हलके झाले होते, काय सांगू.

काय झालं मला ठाऊक नाही, मी धावलेच. सर्विसच्या मोटारीत कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती, तिनं दंडाला धरून मला वर ओढली. मी म्हटलं, घाटात काही होणार नाही ना? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बंदूक न्हाई न्हवं तुज्याजवळ? मग कोण कशाला येतंय?"

मोटार हलली तेव्हा मागून सावळारामचा आवाज आला, रावसाहेब, परवाना दावा. मी वळून बघितलं नाही. धीरच नव्हता. कात्रजचा घाट कधी गेला मला कळलं नाही, कारण एक कोंबडी माझी वेणी टोचत होती आणि मी मनातल्या मनात राजांच्या सनावळ्या म्हणत होते.

पेपर दिला. तो दिला हो, पण संध्याकाळी परतीच्या मोटारीत बसले आणि डोक्यात सुरू झालं. मामंजी काय म्हणतील? माहेरी धाडतील? नाक्यावर उतरले, तर बाकावर, अगदी माझ्याच जागी मामंजी, मांडीवर बंदूक. सकाळपासून तसेच! सावळाराम सांगायला लागला, बिनपरवान्याचं हत्यार हातात घावलं वहिनीसाब, म्या तरी काय करनार, बसवून ठिवलंय. आणि मामंजी एका हातानं बंदूक सांभाळत, रतनबाईनं दुधात कुस्करून दिलेली भाकरी उरलेल्या दातांनी खात होते. जवळ गेले. बंदूक घेतली. नूरुद्दीन उगीच काच पुसत राहिला.

मग मामंजींनी वाटी खाली ठेवली, मिशीचं दूध पुसलं आणि म्हणाले, "उद्याचा पेपर कितीला?"

तुम्हाला सांगते, परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी माझ्या हातातली बंदूक घेतली की मामंजींना अटक, मी सर्विसच्या मोटारीत, आणि रोज संध्याकाळी त्यांची सुटका. नंतर नंतर तर ते तक्क्या घेऊन जायचे. नूरुद्दीन गावात सांगत फिरला, आमचे रावसाहेब रोज डबा बांधून कैदेत जात्यात. आणि निकाल लागला, मी पास झाले, तेव्हा भोरच्या पेठेत मामंजी काय सांगतात? आमच्या बंदुकीनं सूनबाईला बी.ए. केली! बंदुकीनं! मी कुठंच नाही!

तेव्हा मात्र मी धीर एकवटून म्हटलं, मामंजी, झाली ना परीक्षा, दरोडेखोर काही भेटले नाहीत, आता विकून टाकू या ती. मामंजींनी जिभेनं एक हलता दात चाचपला आणि म्हणाले, "मग तू वाचणार कुठं?"

गाडी बंदुकीशिवाय नाही, बंदूक माझ्याशिवाय नाही... एम.ए.ला नाव घातलंय. दोन वर्षांचा अभ्यास, आणि मामंजींच्या तोंडात दात उरलेत नऊ. पुरवून पुरवून काढायला हवेत.