खुर्ची ओढून बसलेला भाऊ

मंडळी, आज नमन झाल्या झाल्या एकच विचारतो. खोटं बोलून मिळवलेली जागा माणसाला मिळते. मिळते की! रोज बघतो आपण. पण तिथं त्याला अंग टेकता येतं का हो? — पेटीवाले मान हलवताहेत. थांबा बुवा, उत्तर शेवटी घेऊ. आधी ऐका!

आख्यान लांबचं आहे. जुन्या ग्रीकांच्या मुलखातलं. डोंगरातलं एक लहानसं राज्य. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. ते कीर्तनकाराच्या मुलखात आहे! तिथला राजा म्हातारा. त्याला दोन मुलगे. थोरला अमिंतोर, धाकटा लिकोन. नावं जरा दातात अडकतात, पण सोसून घ्या!

आता तिथली एक रीत सांगतो, ती ध्यानात ठेवा. आपण जेवायला काय करतो? बसतो! ते लोक जेवायला लवंडायचे. हो! लांबलचक बैठक, डाव्या कोपरावर रेलायचं आणि उजव्या हातानं घास घ्यायचा. आपल्याकडं करून बघा — आई पाठीत धपाटा घालील! पण तिथं तो मान. आणि मान फुकट नाही बरं! ज्यानं रानडुक्कर जाळ्याशिवाय, समोरासमोर, भाल्यानं मारलं, त्यानंच लवंडायचं. ज्यानं नाही मारलं, त्यानं खुर्चीवर बसून जेवायचं. सगळ्यांच्या देखत!

आणि मंडळी, थोरला अमिंतोर बसत होता. दाढीत पांढरा केस आला तरी खुर्ची सुटेना! भित्रा होता का? नाही हो. लढाईत माणसांपुढं कधी डगमगला नाही. पण लहानपणी त्यानं आपल्या मामाला रानडुकरानं फाडलेलं पाहिलं होतं. डुकराची ती फुरफुर त्याच्या कानात घर करून बसली. झाडीत खसफस झाली की तळहाताला घाम सुटायचा, भाला निसटायचा. आणि धाकट्या लिकोननं? मिसरूड फुटायच्या आत डुक्कर लोळवलं! तेव्हापासून धाकटा लवंडलेला आणि थोरला बसलेला. घास कसा उतरत असेल, तुम्हीच सांगा.

पुढं राजा अंथरुणाला खिळला. तिथं राजा कोण ठरवतं? सैन्य! भाले ढालींवर वाजले की झाला राजा. सरदार कुजबुजायला लागले, "बसणाऱ्याला राजा कसा करायचा?" ते अमिंतोरच्या कानावर गेलं. काळीज करपलं त्याचं! म्हातारा शिकारी देमास, त्याला घेऊन तडक रानात गेला.

देमासनं विचारलं, "युवराज, जाळं लावू?"

"खबरदार! जाळ्याचं नाव काढू नकोस!"

— आणि झाडीत फुरफुर झाली.

"लाव! देमास, लाव जाळं! लवकर!"

जाळ्यात अडकलेलं डुक्कर. भाला खुपसायला काय लागतं? जाळं दरीत गेलं, डुक्कर राजवाड्यात आलं. बापानं लेकाला जवळ ओढलं, "आता सुखानं डोळे मिटतो रे!" आणि मिटले. ढालींवर भाले वाजले. अमिंतोर राजा झाला. मंडळी, राजा लवंडला!

लवंडला खरा, पण चैन कुठली! या कोपरावरून त्या कोपरावर. उशी टोचते, बैठक टोचते. पलीकडं कुणी हसलं — "काय म्हणाला तो? जाळं म्हणाला?" बाजारात कोळ्यानं जाळं वाळत घातलेलं दिसलं तरी घोडा वळवायचा! आणि थोड्या दिवसांनी देमास कड्यावरून पडला. पडला हं! सगळे तसंच म्हणाले, मीही तसंच म्हणतो. आता तरी निवांत? छे! आता नवाच किडा — मरायच्या आधी देमास कुणापाशी बोलला? लिकोनला निरोप धाडला? त्याला शिकार त्या देमासनंच शिकवली होती! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगीच नाही.

लिकोन बाप जायच्या आधीपासून सरहद्दीवर लढत होता. जिंकून आला. सैन्य त्याच्या नावानं गर्जतंय आणि अमिंतोर कान देऊन ऐकतोय, ढालींवर भाले तर वाजत नाहीत ना! राजानं मेजवानी ठेवली. भावाच्या स्वागताची! पण पहारेकऱ्यांना सांगून ठेवलं, "मी पेला पालथा घातला की भाले चालवा." मनाशी म्हणतो, लिकोन नेहमीसारखा लवंडला, तर त्याला काही ठाऊक नाही. पेला सुलटाच राहील. देवा, लवंडू दे त्याला!

लिकोन आत आला. अंगावर धूळ, चेहऱ्यावर हसू. त्याच्यासाठी बैठक मांडलेली, मऊ गादीची. त्यानं ती बघितली, दादाकडं बघितलं — त्यांच्या भाषेत दादाला काय म्हणत देव जाणे, आपण दादाच म्हणू — आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढली. भावाच्या समोर ठेवली. आणि बसला!

अमिंतोरच्या कानात तीच फुरफुर! "कळलंय याला! माझी खुर्ची मलाच दाखवतोय! भर दरबारात!"

अहो, विचार की! 'का रे बसलास?' तीन शब्द! भावाला विचारायचे तीन शब्द त्याला जड झाले आणि पेला हलका झाला. पेला पालथा पडला.

भाले शिरले. लिकोन खुर्चीसकट कोसळला. आणि अमिंतोर बैठकीवरून उडी टाकून ओरडला,

"देमासनं सांगितलं ना तुला? जाळ्याचं सांगितलं ना?"

लिकोननं डोळे उघडले.

"कसलं जाळं, दादा?"

मंडळी... त्याला काहीच ठाऊक नव्हतं!

"मग बसलास का? खुर्चीवर का बसलास?"

"तू बसायचास... आणि मी धाकटा तुझ्यापुढं लोळायचो. लाज वाटायची रे. नवस बोललो होतो... दादा लवंडला, की मी त्याच्यापुढं बसून जेवीन..."

एवढं बोलला आणि मान टाकली.

जे झाकायला देमास गेला, भाऊ गेला, ते उघडं कुणी केलं? स्वतःच्या तोंडानं, भर दरबारात! एकेक सरदार उठला. कुणी शिवी दिली नाही, कुणी भाला उगारला नाही. आपापली ढाल उचलून बाहेर पडले. भरल्या ताटांत राजा एकटा उरला. त्यानं ती रक्तानं भरलेली खुर्ची उभी केली, तिच्यावर बसला आणि लेकरासारखा रडला. पुन्हा तो बैठकीकडं फिरकला नाही म्हणतात.

पेटीवाले, आता सांगा! अंग टेकता येतं का? — बघा, आता मान हलेना!

राजाचं राहू द्या, आपलं बघू. भावानं लग्नात मागची रांग धरली, की आपण काय म्हणतो? "मुद्दाम बसला! मला खाली दाखवायला!" वर्षानुवर्षं अबोला! विचारलंय कधी? कदाचित मान देऊन बसला असेल बिचारा. आपल्या मनातलं जाळं, आणि गुन्हेगार तो!

आपला विठोबा बघा. बसायची घाई नाही, लवंडायची हौस नाही, विटेवर उभा आहे. त्याला हात जोडा, मोठ्यानं नाम घ्या आणि घरी जा. पान वाढलं की समोरच्याला एवढंच विचारा, "का रे असा बसलास?" आणि त्याचं उत्तर येईस्तोवर, माउली, हातातला पेला सुलटा ठेवा!