आमेनच्या जागी 'अजून'

(गादीच्या दुकानामागची खोली. जमिनीवर अर्धी शिवलेली गादी, खिडकीत जेवणाचा डबा. बहीणभाऊ.)

भाऊ: नाही, ही पण टणक आहे. उसव आणि परत भर.

ताई: पुन्हा? तुझ्या गादीत आता कापूस कमी आणि माझे टाकेच जास्त झालेत.

भाऊ: गादीवाला म्हणून एवढं नाव, आणि स्वतःला झोप नाही. ऐकायला बरं वाटतं का ते?

ताई: गादीत काही खोट नाही. काल दुपारी मी हिच्यावरच जरा पाठ टेकली, तर चहा गार होऊन गेला.

भाऊ: ते सोड. दलालाचा फोन येईल आता. चौकातलं दुकान, तीन मजले. आज हो किंवा नाही सांगायचंय. मी तिकडे गेलो की हे दुकान तू बघायचंस. घरी तसं सांगूनही टाकलंय मी.

ताई: मला कधी विचारलंस?

भाऊ: विचारतोय की. काचेची केबिन देतो, गार हवा देतो. सुई हातात धरायची नाही.

ताई: आणि दुपारी रुग्णालयात कोण जाणार? चर्चमधल्या आम्ही तिघी जातो. ज्यांना भेटायला कुणी येत नाही, त्यांच्याजवळ बसतो.

भाऊ: बसायला माणूस ठेवू एखादा.

ताई: शेजारी बसायलाही पगारी माणूस. धन्य आहेस.

भाऊ: तुला काहीच नको कसं असतं गं? भाऊजी गेले. त्याच दोन खोल्या, तेच जुनं शिवणयंत्र. सोंग आहे की खरंच?

ताई: आधी सोंगच होतं. हे गेल्यावर रोज गुडघे टेकायचे आणि मागणं सुरू. मोठं घर दे, वहिनीसारखं कपाट दे. कपाट मिळालं, तळमळ तशीच. मग एकदा गुडघे टेकले आणि मागायला काही सुचेचना. घाबरले मी. वाटलं, श्रद्धा आटली. तशीच उठून चर्चच्या पाळकांकडे गेले. ते भांडी घासत होते. म्हणाले, मागून झालं ना, आता जरा त्याच्याजवळ बस. इतके दिवस येशूशी गिऱ्हाइकासारखी बोलत होतीस.

भाऊ: गिऱ्हाइकासारखी.

ताई: रागच आला होता मला. पण बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. घर तेच, गळका नळ तोच, फक्त एकटं वाटेनासं झालं. तो आहे, एवढं पुरायला लागलं. रुग्णालयात तरी मी वेगळं काय करते? बसते.

भाऊ: मला नाही बसता येत. रविवारी पाळक म्हणाले, प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार माना. मी काय बोललो, ऐकलंस ना?

ताई: सगळ्यांनीच ऐकलं. चौकातल्या दुकानाबद्दल मानलेस. जे तुझं झालेलंच नाही.

भाऊ: लोक हसले. लेक नाही हसली. परत येताना म्हणाली, बाबा, माझा नंबर दुकानानंतर का? मी म्हटलं, गप्प बस. तेव्हापासून गप्पच आहे ती.

ताई: लहानपणी तू असाच होतास. आईची जेवणाआधीची प्रार्थना संपली की आम्ही म्हणायचो आमेन. तू ताट पुढे करून म्हणायचास, अजून. ताटात काही पडायच्या आधीच.

भाऊ: अजूनराव. शाळेपर्यंत पोचलं होतं ते नाव.

ताई: आई हसायची. पण एकदा बाबांना म्हणाली, याचं पोट भरेल हो, हा नाही भरायचा.

भाऊ: आई म्हणाली असं?

ताई: म्हणाली. आणि त्यानंतर तिच्या प्रार्थनेत तुझं नाव कायम पहिलं.

भाऊ: दिवसभर छातीत धडधडतं, ताई. चौकातलं दुकान घेतलं की थांबेल असं वाटतं.

ताई: हे दुकान घेतानाही तसंच म्हणाला होतास.

भाऊ: आणि नाही घेतलं तर? झोप लागेल याची हमी देतो का तुझा येशू?

ताई: हमी गादीला असते. तो सोबत देतो. जागा राहिलास, तर जागेपणी.

भाऊ: वाजला बघ फोन.

ताई: ऐकू येतंय.

भाऊ: हॅलो. हो, मीच. नको ते दुकान. नाही, भाव बरोबर आहे, मलाच नकोय. दुसरी जागा? तीही नको. नाही हो, अजून काही नको.

ताई: ठेवलास?

भाऊ: ठेवला. हलकं वगैरे काही वाटत नाहीये, सांगून ठेवतो. छातीत अजून धडधडतंयच.

ताई: आण इकडे हात. जेवणाआधीची प्रार्थना राहिलीय.