तव्यापाशी कोण उभं राहणार

मधुकरराव : ...मालक म्हणून सांगून राहिलो, इंदूबाई. आचाऱ्याची टोपी थापाच घालते. तुमी आतच बऱ्या. सहा वाजता सेठ लोकं येतीन.

इंदूबाई : थापा बँकेचा चौकीदार आहे, भाऊ. त्याले रांधाचं काय येते?

मधुकरराव : चेहरा आहे ना त्याचा. पाटी ‘मंगोलियन ग्रिल’ची, तं तव्यापाशी माणूसही तसाच दिसाले पायजे. गिऱ्हाईक वाटीत कोंबडी, भाजी भरून आणते, यानं समोर परतून द्याचं. बस.

इंदूबाई : सकाळी विचारलं मी त्याले. म्हणे, मी नेपाळातल्या पोखऱ्याचा, मंगोलिया कुठं आहे मले ठाऊक नाही, अन् घरी चहाही बायकोच करते. काल त्यानं पत्ताकोबी जाळली, ते तं तुमी पाह्यलंच. अन् कार्डावर काय छापून आणलं?

मधुकरराव : मंगोल शिपाई लढाईत ढालीवर मांस भाजत, तेच हे जेवण.

इंदूबाई : अन् मसाला? जवस, तीळ, लसूण, लाल मिरची, वरून ते काळं सोयाबीनचं पाणी. तीन महिने मी कुटून राहिली. शिपायानं कुटलं काय जवस?

मधुकरराव : खरं सांगू? मुंबईत मी जिथं हे खाल्लं, तिथला आचारीच हसत होता. म्हणे, हे मंगोलियाचं नाहीच. तैवानात एकानं तीसेक वर्षांमागं ठेला लावला, नाव तेवढं मंगोलियाचं ठेवलं.

इंदूबाई : मंग त्या ठेल्यावर तव्यापाशी कोण होतं?

मधुकरराव : तोच असन.

इंदूबाई : पाहा. नाव खोटं, पण माणूस आपल्या तव्यापाशी उभा होता. मंग मी काहून नाही?

मधुकरराव : तुमाले माहीत आहे काहून.

इंदूबाई : तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मधुकरराव : लकडगंजचे व्यापारी आहेत, बाई. तुमची जात कळली तं उठून जातीन. माझं नाही, त्यांचं म्हणून राहिलो.

इंदूबाई : आठ वर्षं भिंतीआड मीच रांधलं. बोटं चाटून गेले. आता तवा बाहेर आला तं माझा हात वाईट झाला? छप्पन साली मी सहा वर्षांची होती. बाबा आमाले खाप्याहून दीक्षेले घेऊन आले, आई पांढरं लुगडं नेसली होती. त्या दिवसापासून आमाले जात नाही. ज्याले आहे, त्यानं घरी जेवावं.

मधुकरराव : नव्या तव्याच्या पहिल्याच दिवशी हॉटेल रिकामं झालं तं?

इंदूबाई : तं आपण दोघं जेवू. थापालेही बोलवू. पण मी तव्यापाशी नसन, तं मसालाही तव्यावर पडणार नाही.

मधुकरराव : धमकी देऊन राहिल्या.

इंदूबाई : हो.

मधुकरराव : ...राहा उभ्या. पण कोणी नाव, गाव विचारलं तं हसून गप्प राहा. एवढं तरी ऐका.

(सहा वाजतात. पहिला व्यापारी वाटी भरून तव्यापाशी येतो.)

व्यापारी : वा, मंगोलिया की चीज. आप कहां की हो, बाई?

इंदूबाई : खाप्याची, सेठजी. मसालाही माझाच. जय भीम. वाटी द्या इकडं.