आत तोकुदाकाका आहेत

हॅलो? … हो, हात्सुएच बोलतेय. अगं मिझुहो, हळू बोल की, कानाचा पडदा फाटेल! … सफरचंदं चिरतेय, दुसरं काय. प्राण्यांच्या स्वयंपाकघराला कसली आलीय सुट्टी!

… हो, अस्वल सुटल्याचा सराव सुरू झाला वाटतं. आत्ताच खिडकीसमोरून अस्वल गेलं हिरवळीकडे. … अगं, खरं नाही, पोशाखातले आपले तोकुदासान! आज काय झकास चालतायत, चक्क चार पायांवर! गेल्या वर्षी दोन पायांवर रमतगमत आले, तर साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पेपरवाले फोटो काढणार, तर अस्वल पळाल्यासारखं दिसायला नको? … हो ना. फोटो छापून आला की रविवारी गर्दी. सरावसुद्धा जाहिरातच आपल्याकडे.

… मी हाकपण मारली. ढुंकून बघितलं नाही. भाव खातायत आज!

… बालवाडीची पोरं आली? सशांपाशी? … अय्या, तुझी कोहारुपण? … काय सांगितलंस तिला? 'घाबरू नकोस, आत तोकुदाकाका आहेत, हात मिळव'? बरं केलंस. गेल्या वर्षी काय रडारड झाली होती!

थांब हं, कोणीतरी आलं. … या ना, तोकुदासा…

… मिझुहो.

… आहे, आहे मी. मिझुहो, तोकुदासान इथे आहेत. माझ्यासमोर. अस्वलाचा पोशाख अर्धाच चढवलाय, डोकं काखेत. पाठीची चेन लावून द्या म्हणतायत.

… हसू नकोस! अगं, हसू नकोस ना!

… मग मगाशी कोण गेलं? तेच तर सांगतेय! … डावा कान फाटलेला होता गं. डोळ्यांसमोरून गेली आणि मला मेलीला कळलं नाही. अझुकी आहे ती. … हो, तीच, मी बाटलीनं वाढवलेली. पिल्लू होती तेव्हा पोस्टरवर अझुकी, केकवर अझुकी. मोठी झाली, टाकली मागच्या पिंजऱ्यात. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांत कोणी घेईना, सगळ्यांकडेच अस्वलं उरलेली. तरी साहेबांना दर वसंतात नवं पिल्लू हवंच. पिल्लाशिवाय तिकिटं कशी खपणार! … त्या पिंजऱ्याच्या दाराची कडी तारेनं बांधलेली, किती वेळा बोंबलले मी… जाऊ दे ते. ऐक!

तुझ्या तिकीटखिडकीतल्या भोंग्यावर सांग, खरं अस्वल सुटलंय. नेहमीसारखं आधी 'हा सराव आहे' म्हणायचं नाही. कळलं? तो शब्दच नको. … जा, बोल. मी आहे फोनवर.

… अगं! म्हणालीस ना! 'हा सराव आहे' म्हणालीस! … हो, म्हणालीस, ऐकलं मी! … सवयीनं गेलं तोंडातून, बरं, बरं, रडू नकोस. पण पेपरवाले हसतायत. बाई टाळ्या वाजवतायत. पोरं हात हलवतायत गं तिला…

तोकुदासान, डोकं घाला! घाला म्हणते ना! नाचत जा, पोरांना सभागृहात न्या!

… हो, गेले. चेन उघडीच. … निघाली! पोरांच्या पिवळ्या टोप्या निघाल्या त्यांच्यामागे. बाईपण… देवा, सगळ्या जाऊ देत…

… एक राहिली.

… मिझुहो, किंचाळू नकोस. ऐक. कोहारु आहे. … नाही, काही झालं नाही. उभी आहे. अझुकीसमोर हात पुढे करून उभी आहे. हात मिळवायला.

… तू येऊ नकोस! तिकीटखिडकीपासून इथवर कधी पोचणार तू? भोंगा घे. आता अस्वलाचं काही बोलू नकोस, फक्त कोहारुशी बोल. आईसारखी. मी बादली वाजवते. खाऊ घालायच्या वेळी वाजवतो ना, तशी. कुठेही असली तरी येते अझुकी. … येईल गं. यायलाच हवी. … स्वयंपाकघराचं दार उघडलंय मी. आत आली की मी मागच्या दारानं सटकेन. … सटकेन म्हणते ना! जा तू!

… हॅलो? … मिझुहो?

… हां. आला तुझा आवाज. 'कोहारु, ते काका नाहीत. हळूहळू आईकडे ये.' अशीच बोल, बाई माझी, अशीच…

वळली! वळली गं पोरगी. येतेय तुझ्याकडे…

… आणि अझुकीपण वळली. माझ्याकडे.

… ठेवते गं.